दूरचें दर्शन : विज्ञानकथेचा रसिक आणि खोडदची दुर्बीण

पुणें-नाशिक रस्त्याला कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता जेथें आडवा येतो, तेथें आळेफाटा आहे. आणि फाट्यापासून थोड्याच अंतरावर आळे हें जुन्नर तालुक्यांतील जुनें गांव. ज्ञानेश्वरमहाराजांनीं ज्याच्या मुखानें वेद वदविले, त्या रेड्याची समाधि याच गांवीं आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. जेथून शब्द येण्याची कोणालाहि अपेक्षा नाहीं तेथून शब्द आला, ही कथा या भूमीला अपरिचित नाहीं. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत याच तालुक्यांत माणसानें अशीं दोन यंत्रें उभीं केलीं, कीं ज्यांचें कामच मुळीं मूक भासणाऱ्या आकाशांतून शब्द आणि चित्रें खालीं उतरवून घेणें हें होतें. पहिलें यंत्र म्हणजे आर्वी येथें १९७१ सालीं सुरू झालेलें उपग्रह-भूकेंद्र. आणि दुसरें म्हणजे नारायणगांवजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण, जी ‘जीएमआरटी’ या आद्याक्षरांनीं जगभर ओळखली जाते.

अशा परिसरांत वाढलेल्या एखाद्या तरुणास विज्ञानकथांचा नाद लागला, तर त्यांत नवल तें काय? प्रथम तो कथा वाचतो. मग अंतराळयानांचे चित्रपट पाहतो. दूरचित्रवाणीवरील मालिका चुकवीत नाहीं. आणि अखेरीस एखादा कॅमेरा मिळवून रात्रीं गच्चीवर ताऱ्यांचे फोटो घेऊं लागतो. घरांतील वडील मंडळींना हे तीन निरनिराळे छंद वाटतात, आणि तिन्ही सारखेच निरर्थक वाटतात. वस्तुतः तिहींचें मूळ एकच आहे. डोळ्यांना जें दिसत नाहीं तें दिसावें, ही ती ओढ होय. परंतु याच ओढींतून एक अवघड प्रश्न निर्माण होतो. पडद्यावर जें दिसतें तें खरोखर असतें काय? आणि जें यंत्राच्या साह्यानें रचून दाखविलें तें सारें खोटेंच समजावयाचें काय? चित्रांनीं भरून गेलेल्या आजच्या जगांत हा प्रश्न केवळ छांदिष्टांचा राहिलेला नाहीं. तो प्रत्येक सुशिक्षित घराचा झाला आहे.

मराठींत विज्ञानकथेला जी प्रतिष्ठा लाभली, तिच्या इतिहासांतील एक प्रसंग या संदर्भांत सांगण्याजोगा आहे. १९६६ सालीं स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेनें विज्ञानकथांच्या स्पर्धा सुरू केल्या. १९७४ सालच्या स्पर्धेसाठीं ‘कृष्णविवर’ नांवाची एक कथा आली. लेखकाचें नांव होतें नारायण विनायक जगताप. कथेला पारितोषिक मिळालें, आणि मग उघड झालें कीं हे जगताप म्हणजे विख्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर होत. आपल्या नांवाचीं आद्याक्षरें उलट क्रमानें मांडून त्यांनीं हें टोपण नांव तयार केलें होतें. परीक्षकांनीं कथा पाहावी, कीर्ति पाहूं नये, हा त्यांचा हेतु. पुढें याच शास्त्रज्ञानें पुण्यास ‘आयुका’ ही संस्था उभारली, आणि २०२५ सालीं आपल्या निधनापर्यंत शास्त्र आणि कथा या दोहोंची सेवा केली. विज्ञानकथा म्हणजे वाटेल तशी मारलेली थाप नव्हे. सिद्ध झालेल्या ज्ञानाच्या पायावर उभी केलेली ती कल्पना असते, हें या उदाहरणानें मराठी वाचकास पटलें.

आतां चित्रपटाकडे वळूं. चित्रपट आणि अद्भुतरस यांची जोडी जन्मापासूनची आहे. फ्रान्समधील जॉर्ज मेलिएस हा धंद्यानें जादूगार. त्यानें १९०२ सालीं चंद्रावरील सफरीचा चित्रपट काढला. त्याची मुख्य युक्ति अगदीं साधी होती. कॅमेरा थांबवावयाचा, दृश्यांतील वस्तु बदलावयाची, आणि पुन्हां कॅमेरा सुरू करावयाचा. पाहणाऱ्याला मधला खंड कळत नाहीं. त्याला वाटतें, माणूस धुरांत विरून गेला.

भारतांत हाच मार्ग धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांनीं चोखाळला. फाळके हे फोटोग्राफर होते, छपाईच्या कलेंत निष्णात होते, आणि जादूचे प्रयोगहि करीत. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. त्यानंतर १९१७ सालीं ‘लंकादहन’ आणि १९१९ सालीं ‘कालिया मर्दन’ हे चित्रपट आले. एकाच फितीवर दोनदां छाया घेणें, हें अशा चित्रपटांतील एक मोठें साधन. प्रथम चौकटीचा अर्धा भाग काळ्या आच्छादनानें झांकून उरलेल्या भागावर चित्र घ्यावयाचें. मग फीत मागें गुंडाळून, दुसरा भाग उघडा ठेवून पुन्हां चित्र घ्यावयाचें. अशा रीतीनें एकच नट स्वतःसमोर उभा राहूं शकतो, किंवा मनुष्य आकाशांत तरंगूं शकतो. पुण्याच्या प्रभात कंपनीच्या १९४० सालच्या ‘संत ज्ञानेश्वर’ या बोलपटांत भिंत चालूं लागते, तीहि अशाच यंत्रकौशल्याच्या बळावर.

परंतु फाळक्यांचा एक लहानसा प्रयोग या सर्व चमत्कारांहून अधिक विचार करावयास लावणारा आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वीं, १९१२ सालीं, त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, आणि ठराविक अंतरानें त्याचें एकएक चित्र घेऊन रोपाची वाढ फितीवर उतरविली. यामागील हिशेब सोपा आहे. मूकपटाच्या काळीं पडद्यावर सेकंदाला साधारण १६ चित्रें दाखवीत. समजा, एखाद्यानें दर तासाला एक चित्र घेतलें, तर ३० दिवसांत ७२० चित्रें होतील. आणि तीं पडद्यावर केवळ ४५ सेकंदांत संपतील. महिन्याची वाढ पाऊण मिनिटांत! बीज फुटतें, अंकुर डोकें वर काढतो, वेल आधार शोधीत हात पसरते. हें दृश्य कोणाहि माणसानें डोळ्यांनीं पाहिलेलें नसतें, कारण माणसाची दृष्टि तितकी सावकाश चालत नाहीं. तरीहि त्यांतील कण न् कण खरा आहे.

येथें एक भेद स्पष्ट होतो. कॅमेरा तोच, फीत तीच, कारागीरहि तोच. एका वेळीं त्यानें नसलेलें दाखविलें, आणि दुसऱ्या वेळीं असलेलें पण अदृश्य असें दाखविलें. चित्र रचलेलें आहे एवढ्यावरून तें खोटें ठरत नाहीं. काय केलें हें रचणाऱ्यास सांगतां येतें कीं नाहीं, आणि तसेंच केल्यावर दुसऱ्यालाहि तेंच दिसतें कीं नाहीं, यावर त्याचें खरेंखोटेंपण ठरतें.

दूरचित्रवाणीची कथा याहून मनोरंजक आहे, कारण तेथें विज्ञानकथेच्या लेखकानेंच शास्त्राच्या पुढें धाव घेतली. इंग्रज लेखक आर्थर क्लार्क यानें १९४५ सालीं, म्हणजे पहिला कृत्रिम उपग्रह उडण्याच्या १२ वर्षें आधीं, एक लेख लिहिला. त्यांतील विचार असा : पृथ्वीभोंवतीं फिरणारी वस्तु जितकी दूर, तितका तिला प्रदक्षिणेस वेळ अधिक लागतो. ४०० किलोमीटर उंचीवर ही प्रदक्षिणा सुमारे दीड तासांत होते. पावणेचार लाखांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या चंद्राला २७ दिवस लागतात. तेव्हां या दोहोंच्या मध्यें असें एक अंतर असलेंच पाहिजे, कीं जेथें प्रदक्षिणा नेमकी एका अहोरात्रांत पुरी होईल. हें अंतर भूपृष्ठापासून सुमारे ३६,००० किलोमीटर आहे. तेथें विषुववृत्ताच्या वर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, आणि म्हणून खालून पाहणाऱ्यास तो आकाशांत एकाच जागीं खिळल्यासारखा भासतो. असा उपग्रह म्हणजे ३६,००० किलोमीटर उंचीचा मनोराच झाला. त्यावरून अर्ध्या जगाला संदेश देतां येतील, असें क्लार्कनें प्रतिपादन केलें.

२६ वर्षांनंतर जुन्नर तालुक्यांतील आर्वी येथें सुमारे ३० मीटर व्यासाची प्रचंड तबकडी अशाच एका स्थिर उपग्रहाकडे तोंड करून उभी राहिली. भारतीय अंतराळ-संशोधनाचे जनक डॉ. विक्रम साराभाई यांचें नांव त्या केंद्रास देण्यांत आलें. समुद्रापलीकडील दूरध्वनि आणि चित्रें सह्याद्रीच्या पायथ्याशीं उतरूं लागलीं. वर जाऊन खालीं येण्यास संदेशाला निदान ७२,००० किलोमीटर चालावें लागतें. प्रकाशाच्या वेगानेंहि त्यास सुमारे पाव सेकंद लागतो. परदेशीं बोलणाऱ्यांना उत्तरापूर्वीं जो किंचित् अडखळा जाणवे, त्याचें कारण हेंच.

चित्र तरंगांवरून कसें जातें, हेंहि समजून घेण्याजोगें आहे. जुन्या पद्धतीच्या दूरचित्रवाणींत भारतांत प्रत्येक चित्राच्या ६२५ आडव्या ओळी पाडीत, आणि सेकंदाला २५ चित्रें पाठवीत. ओळीमागून ओळ, बिंदूमागून बिंदू, उजेड-अंधाराचा वृत्तान्त तरंगांवर स्वार होऊन जाई, आणि घरांतील संचाच्या कांचेवर एकच तेजस्वी बिंदू भराभर धांवून तें चित्र पुन्हां लिही. कांचेवर संपूर्ण चित्र कोणत्याहि एका क्षणीं नसेच! पाहणाऱ्याचे डोळे आणि मेंदू त्याची जुळणी करीत. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढें १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेची ‘स्टार ट्रेक’ ही मालिका आणि १९९८ सालीं ‘कॅप्टन व्योम’ ही देशी मालिका दूरदर्शनवर आली, तेव्हां अनेक घरांतील मुलांना अंतराळाचें पहिलें दर्शन याच बिंदूंच्या खेळांतून घडलें. ‘स्टार ट्रेक’मधील माणसें एका ठिकाणीं विरून दुसऱ्या ठिकाणीं प्रकट होतात. ही कल्पना कोणा ऋषीला सुचली नव्हती. दर भागांत यान जमिनीवर उतरवून दाखविण्याचा खर्च परवडेना, म्हणून निर्मात्यांनीं काढलेली ती पळवाट होती. कल्पनेलाहि कधीं कधीं काटकसरच जन्म देते.

या दोन छंदांनंतर तिसरा छंद फोटोग्राफीचा; आणि तो पुरवावयास खोडदसारखें दुसरें स्थान नाहीं. तेथील यंत्रहि एका अर्थानें कॅमेराच आहे. मात्र या कॅमेऱ्याला भिंग नाहीं, आणि त्यांत उजेड शिरत नाहीं. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं १९९० नंतरच्या दशकांत ही दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या येथें आहेत. त्यांपैकीं १४ मध्यभागीं सुमारे एक किलोमीटरच्या चौरसांत असून उरलेल्या १६ तीन बाजूंना पसरलेल्या तीन शाखांवर आहेत. त्यामुळें सर्व पसारा सुमारे २५ किलोमीटरांचा होतो. तबकडी भरीव पत्र्याची नसून बारीक पोलादी तारांच्या जाळीची आहे. वीतभर किंवा त्याहून लांब असलेल्या तरंगाला एक-दोन सेंटिमीटरांचीं भोंकें जाणवतच नाहींत. तो जाळीवरून आरशासारखा परततो. वारा मात्र जाळींतून निघून जातो. त्यामुळें सांगाडा हलका झाला आणि खर्च वांचला. गरीब देशाला परवडेल असें जगांतील श्रेष्ठ यंत्र कसें बांधावें, याचा हा धडा आहे.

पण तबकड्या तीस कशासाठीं? एकच तबकडी २१ सेंटिमीटरच्या तरंगानें पाहूं लागली, तर चंद्रबिंबाच्या अर्ध्याहून थोडा अधिक भाग तिला एकच ठिपका म्हणून दिसेल. तीसहि तबकड्या मिळून पाहूं लागल्या, कीं दृष्टि इतकी तीक्ष्ण होते, कीं तीन किलोमीटरांवर धरलेलें इंचभर रुंदीचें नाणें ओळखूं यावें. ही जादू समजण्यास रांगोळीचें उदाहरण पुरेल. जमिनीवर ३० ठिपके काढून प्रत्येक ठिपका उरलेल्या प्रत्येक ठिपक्याशीं रेघेनें जोडला, तर ४३५ रेघा होतात. दुर्बिणींतील तबकड्यांच्या अशाच ४३५ जोड्या आहेत. एकाच उगमापासून निघालेला तरंग जोडींतील एका तबकडीवर किंचित् आधीं आणि दुसरीवर किंचित् नंतर पोंचतो. या फरकाचें मापन ती जोडी करते. जवळच्या जोड्या चित्राचा ठळक आकार सांगतात, दूरच्या जोड्या त्यांतील बारकावे सांगतात. शिवाय पृथ्वी फिरत असल्यानें ताऱ्याच्या दृष्टीनें या रेघांची दिशा आणि लांबी क्षणोक्षणीं बदलते; म्हणजे रांगोळी स्वतःच फिरून आपल्या मोकळ्या जागा भरून काढते. हीं सर्व मापें गणितानें जुळविलीं, कीं आकाशाचें चित्र तयार होतें.

या चित्रांत तांबडा, निळा, पिंवळा असे रंग दाखवितात, ते शास्त्रज्ञांनीं निवडलेले असतात. रेडिओ तरंगांना रंग नाहीं. मग हीं चित्रें फसवणूक ठरत नाहींत काय? नकाशांत समुद्र निळा आणि पर्वत तपकिरी दाखवितात, म्हणून नकाशा खोटा ठरतो काय? कोणता रंग किती तेजाचा निदर्शक आहे, हें जोंवर सांगितलेलें असतें, तोंवर तो रंग म्हणजे केवळ एक लिपि होय.

कृष्णविवराच्या बाबतींत तर कल्पना आणि प्रत्यक्ष यांचा सामना जगानें पाहिला. २०१४ सालच्या ‘इंटरस्टेलर’ या चित्रपटासाठीं किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञानें समीकरणें पुरविलीं, आणि त्यांवरून संगणकानें तेजोवलयानें वेढलेलें कृष्णविवर रेखाटलें. वास्तविक, फिरणाऱ्या वलयाची जी बाजू आपल्याकडे येते ती अधिक तेजस्वी आणि जी दूर जाते ती अंधुक दिसावयास पाहिजे. परंतु प्रेक्षक गोंधळतील म्हणून चित्रपटकारांनीं हा भेद जाणून-बुजून काढून टाकला. पुढें १० एप्रिल २०१९ रोजीं एका दूरस्थ दीर्घिकेच्या केंद्रांतील कृष्णविवराचें पहिलें चित्र प्रसिद्ध झालें. खोडदला जें तत्त्व २५ किलोमीटरांत वापरतात, तेंच येथें निरनिराळ्या खंडांवरील दुर्बिणी जोडून वापरलें होतें. त्या चित्रांतील वलयाची एक बाजू दुसरीपेक्षां स्पष्टपणें अधिक उजळ होती. पडद्यावरील चित्र अधिक सुबक होतें. दुर्बिणीचें अंधुक होतें. पण खरें तें अंधुकच होतें.

खोडदच्या दुर्बिणीच्या वांट्यास आलेला एक प्रसंग कोणत्याहि विज्ञानकथेंत शोभला असता. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं युरोपच्या अंतराळ संस्थेचें ‘शियापारेली’ हें यान मंगळावर उतरत होतें. त्याच्यावरील प्रक्षेपक अगदीं दुबळा. त्याचा आवाज मंगळाभोंवतीं फिरणाऱ्या यानानें ऐकावा, एवढीच त्याची योजना. पण तो क्षीण स्वर पृथ्वीवरहि ऐकूं येतो काय, हें पाहण्याचें काम जुन्नर तालुक्यांतील या तबकड्यांनीं अंगावर घेतलें. मंगळ त्या दिवशीं इतका दूर होता, कीं तेथील संदेश येथें पोंचण्यास जवळजवळ दहा मिनिटें लागत. स्वर सांपडला. त्याच्या कंपनसंख्येंत होणाऱ्या बदलावरून यानाचा वेग कळे, आणि वेगांतील एकाएकीं झालेल्या घटीवरून हवाई छत्री उघडल्याचेंहि कळलें. सर्व ठीक चाललें असतां, जमिनीस टेंकण्याच्या नियोजित वेळेच्या थोडें आधीं, तो स्वर थांबला. यानांतील संगणकानें चुकीच्या मापामुळें आपण जमिनीवर पोंचलों असा समज करून घेतला होता. वस्तुतः तो सुमारे पावणेचार किलोमीटर उंच होता. यान कोसळलें. त्या घटकेचें ना कोठें चित्र, ना दृश्य. खोडदच्या पडद्यावर एक बारीक रेघ सरकत होती आणि ती सरकावयाची थांबली, एवढेंच. पण चित्रपटांतील हजार स्फोटांत नसेल इतकें नाट्य त्या थांबलेल्या रेघेंत होतें, कारण ती खरी होती.

इतक्या क्षीण स्वरांचा वेध घेणाऱ्या यंत्राला शांतता लागते. ही जागा निवडतांना शहरांपासूनचें अंतर आणि भोंवतालच्या डोंगरांचा आडोसा पाहिला गेला. कारण माणसाच्या हातांतील साधनें आकाशाच्या मानानें फार मोठ्यानें ओरडतात. एखादा मोबाइल फोन चंद्रावर नेऊन ठेवला, तर तोहि आकाशांतील बहुतेक रेडिओ-उगमांपेक्षां प्रबळ ठरेल. मग गांवांतील मोबाइलचे मनोरे, विजेच्या तारांवरील ठिणग्या आणि घरोघरींचीं यंत्रें यांची काय कथा! पुणें-नाशिक लोहमार्गाची आंखणी या दुर्बिणीच्या परिसरांतून झाली, तेव्हां शास्त्रज्ञांनीं याच कारणानें हरकत घेतली, आणि मार्ग बदलण्याचा विचार पुढें आला. जुन्नर-आंबेगांवच्या शेतकऱ्यास मात्र आपला टोमॅटो आणि कांदा दूरच्या बाजारीं नेण्यास रेल्वे हवी आहे, आणि ती मागणी अन्यायाची नाहीं. विश्वाच्या आरंभकाळचा कुजबुजता तरंग आणि या वर्षीचें पीक, दोन्हीहि याच मातीवर उतरतात. एकाला मान देतांना दुसऱ्याला तुच्छ लेखणें हें शहाणपणाचें नव्हे. तोडगा काढणें कठीण आहे, पण तो तांत्रिक ज्ञानानें आणि मोकळ्या चर्चेनेंच निघूं शकेल.

विज्ञानकथेच्या रसिकावर येथें एक जबाबदारी येते. ज्या दूरचित्रवाणीनें आणि फोननें त्याला अंतराळाचें वेड लावलें, त्यांचाच कोलाहल खऱ्या अंतराळाचा आवाज बुडवूं शकतो, हें त्यानें आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांस समजावून सांगितलें पाहिजे. आणि पडद्यावर कोणतेंहि अद्भुत चित्र दिसलें, कीं त्यानें तीन प्रश्न विचारावेत : हें कोणत्या साधनानें घेतलें? घेतल्यावर त्यांत काय बदललें? आणि दुसऱ्या कोणी तेंच साधन तेथेंच रोखलें, तर त्यालाहि हेंच दिसेल काय? करमणुकीच्या चित्रानें या प्रश्नांचीं उत्तरें दिलीं नाहींत तरी चालेल. मेलिएसनें चंद्रावर नेलें तें हंसविण्यासाठीं, आणि प्रेक्षक तें जाणून होता. पण जें चित्र स्वतःस खरें म्हणवितें, त्यानें हीं उत्तरें दिलींच पाहिजेत.

दरवर्षीं २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानें खोडदला प्रदर्शन भरतें, आणि आसपासच्या शाळांतील मुलें स्वतः बनविलेलीं उपकरणें घेऊन तेथें येतात. पुठ्ठ्याच्या पेटीला सुईनें भोंक पाडून उलटें चित्र दाखविणारा एखादा मुलगा त्यांत हटकून असतो. त्या पेटींत झाड उलटें दिसतें, आणि कां दिसतें हें तो सांगूं शकतो. ज्या दिवशीं असें सांगणाऱ्यांची संख्या नुसत्या पाहणाऱ्यांहून अधिक होईल, त्या दिवशीं खोट्या चित्रांचें भय पुष्कळसें ओसरेल.